संमोहनात नेमके काय जाणवते?

दोन रुग्णांच्या दोन उलट तक्रारींमुळे आजचा विषय घेतला आहे. दोघांचीही ओळख पटू नये म्हणून गाव, व्यवसाय वगैरे तपशील बदलले आहेत.

पहिल्या बाई कोरेगावकडच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. डोकेदुखी आणि झोप न येणे ही वर्षानुवर्षांची तक्रार. सर्व तपासण्या झाल्या होत्या व त्यात काही दोष निघाला नव्हता. औषधांच्या जोडीला संमोहनाचा उपयोग होईल असे वाटून मी पहिली बैठक घेतली. दहा-बारा मिनिटे झाली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मग एकदम डोळे उघडून त्या उठून बसल्या. "डॉक्टर, माझे हात कुठं गेले तेच कळंना. माझ्या आज्जीच्या अंगात यायचं, तेच माझ्यात आलं का काय?" मी समजूत घातली, पण त्या घाबरल्या त्या घाबरल्याच. पुन्हा आल्या नाहीत. घरच्यांनी देवऋषी केला, उतारे केले. डोके दुखले की दुकानातून आणून वेदनाशामक गोळ्या खाणे चालूच राहिले. वर्षभराने त्या आल्या तेव्हा पोटात व्रण झाला होता.

दुसरे गृहस्थ सांगलीचे व्यापारी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी घरात शिरले, त्यानंतर पावसाचा आवाज आला की यांची झोप उडे. पहिली बैठक संपल्यावर ते हिरमुसले. "डॉक्टर, मला काही लागलं नाही बघा. बाहेर यष्टीचा हॉर्न वाजला, तोसुद्धा ऐकला मी. पैसे वाया गेले म्हणायचे."

एक रुग्ण काहीतरी झाले म्हणून घाबरली, दुसरा काहीच झाले नाही म्हणून निराश झाला. खरे पाहता दोघांनाही जे जाणवले ते अगदी नेहमीचे होते. संमोहनात काय काय होऊ शकते हे आधी दहा मिनिटे बसून मी सांगितले असते, तर बाईंचे एक वर्ष आणि त्यांचे पोट वाचले असते. ती चूक माझी. वाचकांपैकी कोणावर ही वेळ येऊ नये, म्हणून ती माहिती येथे देत आहे.

संमोहन म्हणजे झोप नव्हे

संमोहन म्हणजे मोहिनी नव्हे, वशीकरण नव्हे, नजरबंदीही नव्हे. आणि नावात काही असले तरी ती झोपही नव्हे. एका गोष्टीवर लक्ष एकवटणे, आजूबाजूच्या गोष्टींकडील लक्ष कमी होणे आणि त्या अवस्थेत दिलेली सूचना नेहमीपेक्षा सहजपणे अनुभवाला येणे, अशी ही अवस्था आहे.

सूचनेची ताकद पाहायची असेल तर हे वाचता वाचताच प्रयोग करा. पिकलेली, आंबटगोड चिंच डोळ्यांपुढे आणा. टरफल काढले, शिरा ओढल्या, मीठ लावले, जिभेवर ठेवली. बहुतेकांच्या तोंडाला पाणी सुटले असेल. चिंच तर कोठेच नाही. केवळ कल्पनेने लाळेच्या ग्रंथी कामाला लागल्या. संमोहनातील पुष्कळसे चमत्कार याच जातीचे असतात.

अशी तंद्री आपल्याला रोज लागते. साताऱ्याहून पुण्याला जाताना विचारांच्या नादात खंबाटकी कधी ओलांडली ते कळत नाही, तरी गाडी चालवणाऱ्याने प्रत्येक वळण नीट घेतलेले असते. सांगलीकरांना तर नाटकाचे उदाहरण पुरे. रंगमंचावरचा प्रसंग खोटा आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक रडतो. खुर्ची, शेजारचा माणूस, मागच्याची कुजबुज यांचे भान पुसट होते, पण थिएटरात आग लागली तर तोच प्रेक्षक क्षणात उठून पळतो. संमोहित माणसाची स्थिती बरीचशी अशीच असते.

थोडा इतिहास

अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर नावाच्या डॉक्टरने शरीरातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो असा दावा करून पॅरिसमध्ये धमाल उडवून दिली. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए हे तिचे सदस्य होते. असा कोणताही द्रव नाही, जे घडते ते कल्पनाशक्तीने घडते, असा निष्कर्ष समितीने दिला.

त्यानंतरचे मोठे पाऊल आपल्या शेजारच्या गोव्याच्या माणसाने टाकले. कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले धर्मगुरू आबे फारिया १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करीत. शक्ती झोपवणाऱ्याच्या हातात नसते, ती झोपणाऱ्याच्या मनात असते, हे त्यांनी ठामपणे मांडले. १८१९ साली त्यांचे निधन झाले. पणजीत त्यांचा पुतळा आहे. तो अनेकांनी पाहिला असेल, पण तो कोणाचा हे थोड्यांना माहीत असते.

'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला तो जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने. त्यांचे पुस्तक १८४३ साली प्रसिद्ध झाले. त्याच साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. पुढे १८४५ साली बंगालमधील हुगळी येथे डॉ. जेम्स एस्डेल यांनी या मार्गाने वेदना बधिर करून शस्त्रक्रिया सुरू केल्या. तेव्हा भुलीची औषधे नव्हती. ईथर आणि क्लोरोफॉर्म आल्यावर ही पद्धत मागे पडली, आणि ते योग्यच झाले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ साली आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५८ साली संमोहनाचे उपचारातील स्थान मान्य केले.

काय काय जाणवते?

पुढील गोष्टी सर्वांना जाणवतात असे नाही. कोणाला दोन, कोणाला पाच. एखादी जाणवली नाही म्हणजे उपचार फसला असे मुळीच नाही.

१. अंग जड किंवा हलके होणे. हातपाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात किंवा उलट कापसासारखे तरंगतात. तळहातांना ऊब येते, मुंग्या येतात. कधी हात कोठे आहेत हेच समजत नाही. कोरेगावच्या बाईंना झाले ते हेच. स्नायू सैल पडले आणि हालचाल थांबली की हातापायांच्या स्थितीविषयीच्या संवेदनांकडे आपले लक्ष राहत नाही. बोट हलवताच हात जागेवर सापडतो.

२. शरीरातील बारीक बदल. पापण्या थरथरतात, श्वास संथ होतो, आवंढा गिळावासा वाटतो, पोटात गुडगुडते. शरीर विसावल्याच्या या खुणा आहेत.

३. सगळे ऐकू येणे. 'मला लागलेच नाही' या तक्रारीचे मूळ येथे आहे. संमोहनात कान बंद होत नाहीत. हॉर्न ऐकू येतो, कुकरची शिट्टी ऐकू येते, फक्त तिची दखल घ्यावीशी वाटत नाही. आपल्या व्यापारी मित्रांना हॉर्न ऐकू आला, पण डोळे उघडावेसे वाटले नाहीत. काय घडले ते त्यातच आले.

४. वेळेचा अंदाज चुकणे. 'किती वेळ झाला असेल?' असे विचारले तर पंचवीस मिनिटांची बैठक अनेकांना आठ-दहा मिनिटांची वाटते. हाच प्रश्न मी व्यापाऱ्यांना विचारला. ते म्हणाले, "दहा मिनिटं." भिंतीवरचे घड्याळ दाखवल्यावर ते गप्प झाले. अर्धा तास झाला होता.

५. हात आपोआप हलणे. 'हात हलका होऊन वर येत आहे' असे म्हटले की काहींचा हात खरोखर वर येतो, आणि आपण तो उचलला असे त्यांना वाटत नाही. विचाराबरोबर स्नायूंची सूक्ष्म हालचाल होते, ती आपल्या लक्षात येत नाही. माण-खटावकडे पाणाड्याच्या हातातली काडी फिरते, किंवा तळहातावरचा नारळ उभा राहतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. पाणाडी फसवत असतोच असे नाही. त्याचा हात त्याच्या नकळत हलतो. फ्रेंच शास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३३ साली दोऱ्याला टांगलेल्या लंबकावर प्रयोग करून हे दाखवले होते.

६. हात ताठ होणे. 'हात वाकणार नाही' या सूचनेने तो वाकत नाही. रंगमंचावरचे खेळ करणारे याचेच भांडवल करतात. माणसाला दोन खुर्च्यांमध्ये आडवा ठेवून त्यावर उभे राहणे हा प्रकार मात्र पाठीच्या कण्याला धोक्याचा आहे. शाळांनी असले खेळ ठेवू नयेत.

७. वेदना कमी होणे. हा सर्वांत उपयोगी भाग. १९९७ साली माँट्रियल येथे झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात संमोहित व्यक्तींना गरम पाण्याने होणारा त्रास 'कमी वाटेल' अशी सूचना दिली. मेंदूच्या चित्रणात दिसले ते असे, की वेदनेची नोंद घेणारा भाग जवळपास तसाच काम करीत होता, पण त्रासाशी निगडित भागातील हालचाल बदलली होती. म्हणजे दुखणे कळते, पण ते तितके छळत नाही. दातांचे उपचार, भाजलेल्या जखमांची मलमपट्टी, बाळंतपण यांत याचा आधार घेता येतो. आतड्याच्या चिवट विकारात, ज्यात तपासण्या स्वच्छ येतात पण पोट दुखतच राहते, मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ साली संमोहनाचा चांगला उपयोग दाखवला. त्यानंतर या विकारावर बरेच काम झाले आहे.

८. नसलेले दिसणे, वास येणे. सूचनेने मोगऱ्याचा वास येतो, माशीची भुणभुण ऐकू येते. थोड्याच लोकांना हे स्पष्टपणे होते. सूचना काढून घेतली की ते थांबते. याला वेड समजू नये.

९. रडू किंवा हसू येणे. वर्षानुवर्षे आवळून धरलेले अंग सैल झाले की मनही सैल होते. कारण नसताना डोळे भरून येतात. हे काही अशुभ नव्हे. रुग्णाला सांगायचे असेल तर डॉक्टरने ऐकावे, नसेल तर खोदून विचारू नये.

१०. विसर पडणे आणि जुने आठवणे. संमोहनातून उठल्यावर सारे विसरणे ही सिनेमातली समजूत आहे. बहुतेकांना बहुतेक सारे आठवते. उलट 'लहानपणात जा' म्हटल्यावर काहीजण लहान मुलासारखे बोलू लागतात. येथे फार सावध राहावे. संमोहनात आलेली आठवण खरीच असते असे नाही. मन गाळलेल्या जागा कल्पनेने भरते, आणि संमोहनामुळे त्या कल्पनेवरचा विश्वास मात्र वाढतो.

११. नंतर अमलात येणारी सूचना. 'सिगारेट हातात घेतली की तोंड कडू होईल' अशी सूचना काही दिवस काम करते. पण ती रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेला जोड देते, इच्छा नसेल तर टिकत नाही. 'नवऱ्याची दारू त्याला न सांगता संमोहनाने सोडवा' अशी विनंती पुष्कळ भगिनी करतात. ते शक्य नाही.

सर्वांना सारखेच लागते का?

नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली यासाठी मोजपट्टी तयार केली. ढोबळमानाने शंभरातील दहा-पंधरा जणांना संमोहन खूप गाढ लागते, तितक्याच जणांना जवळपास लागत नाही, बाकीचे मध्ये. याचा बुद्धीशी किंवा मनाच्या दुबळेपणाशी संबंध नाही. वाचनात, गाण्यात, भजनात चटकन रमणाऱ्या माणसांना बहुधा ते लवकर जमते. आणि दुखणे हलके होण्यासाठी दरवेळी गाढ अवस्था लागतेच असेही नाही.

अंगात येणे आणि संमोहन

कोरेगावच्या बाईंचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. जत्रेत, आरतीच्या वेळी, ढोलाच्या तालावर काहींच्या अंगात येते, त्या घुमू लागतात. लक्ष एकवटणे, सभोवतालचे भान कमी होणे आणि अपेक्षेप्रमाणे अनुभव येणे हे दोन्हीकडे सारखे आहे. फरक मोठा आहे तो असा: उपचाराच्या खोलीत ढोल नसतो, गर्दी नसते, अपेक्षा विश्रांतीची असते, आणि रुग्ण हवे तेव्हा डोळे उघडू शकतो. त्या बाईंच्या अंगात काही आले नव्हते. त्यांचे अंग पहिल्यांदा सैल पडले होते, एवढेच.

अंगात येणाऱ्या बाईला ढोंगी म्हणून हिणवणे मला मान्य नाही. पुष्कळदा घरात जिचे कोणी ऐकत नाही, तिचे बोलणे देवीच्या नावाने तरी घर ऐकून घेते. तिचे ऐन दिवसांतले म्हणणे ऐकले तर तिला घुमण्याची गरज कमी पडते. मात्र जीभ चावली जाणे, कपड्यात लघवी होणे, शुद्ध हरपून हातपाय झटकणे ही फिटची लक्षणे असू शकतात. तेथे ताबडतोब डॉक्टरकडेच न्यावे.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, किंवा साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर तो अमलात आला.

मागचा जन्म दिसतो का?

अलीकडे काही ठिकाणी भरपूर पैसे घेऊन 'मागचा जन्म' दाखवतात. माझ्याकडे आलेल्या एका तरुण मुलीला 'तू मागच्या जन्मी नदीत बुडून मेलीस' असे कळले होते. तेव्हापासून तिने घाटावर जाणे सोडले, पुढे पुलावरून जाणारी यष्टीही सोडली आणि कॉलेज बुडाले. जी भीती नव्हती ती विकत घेतली. दहाव्या मुद्द्यात सांगितल्याप्रमाणे संमोहनात दिसलेले चित्र पुराव्याचे नसते. असले प्रयोग करून घेऊ नयेत.

ही काळजी घ्या

- आधी निदान, मग संमोहन. नव्याने सुरू झालेले डोके, छाती किंवा पोट दुखणे संमोहनाने दाबू नये. दुखणे हा शरीराचा इशारा असतो.
- भास होणे, तीव्र संशय, वेडाचे झटके, टोकाची उत्तेजित अवस्था यांत संमोहन टाळावे. फिटचा त्रास असेल तर आधी सांगावे. चालू औषधे मनाने बंद करू नयेत.
- उपचार करणारा नोंदणीकृत डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे का, ते विचारा. पदवी विचारण्यात संकोच नको.
- खोलीत घरचे माणूस बसवण्याचा आग्रह धरा. 'तिसरा माणूस चालणार नाही' असे कोणी म्हणाल्यास स्त्रियांनी तेथून उठावे.
- 'एका बैठकीत शंभर टक्के गुण' असे सांगणाऱ्यापासून दूर राहा.
- ध्वनिफीत किंवा मोबाइलवरील संमोहनाच्या सूचना गाडी चालवताना ऐकू नका.

'मी त्यातून जागाच झालो नाही तर?' असे हटकून विचारले जाते. असे होत नाही. डॉक्टर मध्येच उठून गेला तरी रुग्ण थोड्या वेळात आपोआप डोळे उघडतो, फार तर चार घटका झोपतो. उठल्यावर थोडी सुस्ती वाटल्यास पाच-दहा मिनिटे बसावे, पाणी प्यावे, मग जावे.

त्या दोघांचे पुढे काय झाले? बाईंच्या पोटावर आधी उपचार केले, वेदनाशामक गोळ्या हळूहळू कमी केल्या. मग वरची सारी यादी त्यांना वाचून दाखवली आणि त्यांच्या यजमानांना शेजारी बसवून पुन्हा बैठक घेतली. या खेपेस हात हरवले तेव्हा त्यांनी एक बोट हलवून पाहिले आणि डोळे मिटूनच हसल्या. डोकेदुखी पूर्ण गेलेली नाही, पण महिन्यातून दोन-तीनदाच येते. व्यापाऱ्यांना सहा बैठका, समुपदेशन आणि काही काळ औषध लागले. पाऊस सुरू झाला की ते अजून एकदा उठून खिडकीशी जातात, पाणी पाहतात आणि परत येऊन झोपतात. एवढे पुष्कळ झाले, असे ते स्वतःच म्हणतात.

झोप, भीती, उदासी यांविषयी तक्रार असल्यास जिल्हा रुग्णालयाच्या किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवावे. घरातून बोलायचे असल्यास 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मराठीतून बोलता येते.